एवढ्या देशांची पथकं येतात, तरी गोंधळ का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुठे मोठा भूकंप झाला, कारखान्यात स्फोट झाला की पाच-पन्नास देश मदत जाहीर करतात, टीव्हीवर विमानं उतरताना दिसतात, कुत्रे दिसतात, झेंडे दिसतात, आणि चार दिवसांनी तिथलेच लोक सांगतात की आमच्यापर्यंत काही पोचलंच नाही. मग हे आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे खरंच काही काम असतं की नुसता फोटोचा कार्यक्रम? आणि यात सामान्य माणसाने काय करायचं?

काम असतं आणि भरपूर असतं, पण कॅमेरा जिथे लावलेला असतो तिथे ते फारसं नसतं. मी बरीच वर्षं शोध-बचाव पथकात होतो, ढिगाऱ्यात सरपटायचं काम, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून कोऑर्डिनेशनच्या टेबलावर आलो. तिथे बसल्यावर कळलं की आपण ढिगाऱ्यात जे करत होतो ते कोणीतरी दहा वर्षं आधी कंटाळवाण्या मीटिंगा घेऊन ठरवून ठेवलेलं होतं म्हणून जमत होतं. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक कडू आकडा. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. जगभरातून पथकं धावली. या सगळ्या परदेशी पथकांनी मिळून ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेली माणसं किती? १६. बाकी जे वाचले त्यांना शेजाऱ्यांनी, घरच्यांनी, नेपाळच्या पोलिसांनी आणि सैन्याने काढलं, हाताने, पहारीने, मिळेल त्याने. यात पथकांचा दोष नाही हो, विमान उडायला, परवानगी मिळायला, उतरायला वेळ लागतोच, आणि काठमांडूच्या विमानतळाला मोठी धावपट्टी एकच, ती उखडू नये म्हणून जड विमानांना बंदी घालावी लागली, कित्येक विमानं घिरट्या घालून परत गेली. पण त्याच विमानतळावर भूकंपाच्या महिनाभर आधी जागतिक अन्न कार्यक्रमाने मदतीचा माल उतरवून पुढे पाठवायचं एक आवार तयार करून ठेवलं होतं. आवार म्हणजे काय, कुंपण घातलेली मोकळी जागा आणि गोदामाचे तंबू, त्याकडे ढुंकून कोण बघणार. भूकंप झाल्यावर माल तिथूनच हलला.

म्हणजे परदेशी पथकं नकोत का? असं मी म्हणत नाहीये. तुटलेल्या काँक्रीटच्या सात स्लॅबखाली अडकलेला माणूस पहारीने निघत नाही, त्याला कापायची यंत्रं, ऐकायची यंत्रं आणि शिकलेली माणसं लागतात आणि ती प्रत्येक देशाकडे पुरेशी नसतात. पण ती कशी येतात, कोण बोलावतं, आल्यावर कोणाचं ऐकतात यावर सगळं आहे.

हे शहाणपण कुठून आलं ते सांगतो. ७ डिसेंबर १९८८, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या आर्मेनियातला स्पिटाकचा भूकंप, कडाक्याची थंडी, पंचवीस हजारांच्या वर मृत्यू. सोव्हिएत सरकारने तेव्हा बाहेरच्या जगासाठी दार उघडलं, आणि जग आलं, पण कसं आलं तर ज्याला जे सुचलं ते घेऊन. एकट्या औषधांचं बघा. ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. ते नक्की काय आलंय हे कळायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के माल आला तेव्हाच एक्स्पायर झालेला, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेला, आणि जे उरलं त्यातलं जेमतेम ३० टक्के पटकन ओळखता येण्यासारखं होतं कारण लेबलं अनोळखी भाषांतली, ब्रँडची नावं वेगळी, खोके मिसळलेले. आता हिशोब करा, ज्या डॉक्टरने आणि फार्मासिस्टने पेशंट बघायचे ते खोके उघडत बसले. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे १९९६ मध्ये औषधं दान करण्याचे नियम काढले त्यात आर्मेनियाचं हे उदाहरण दिलेलं आहे. नियम अगदी साधे आहेत, मागितलेलंच पाठवा, लेबल समजेल अशा भाषेत हवं, मुदत निदान वर्षभर शिल्लक हवी. तरीसुद्धा २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये हाच प्रकार पुन्हा झालाच. लोक घरातलं कपाट रिकामं करतात आणि त्याला मदत म्हणतात, स्पष्टच बोलतो.

शोध-बचाव पथकांच्या बाबतीत मात्र आर्मेनिया आणि त्याआधीचा १९८५ चा मेक्सिकोचा भूकंप यातून जग बरंच शिकलं. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली इन्साराग नावाचं जाळं तयार झालं. पथकांनी स्वतःच एकत्र बसून ठरवलं की कोणाला हेवी म्हणायचं, कोणाला मीडियम, कोणाला लाइट. हेवी पथक म्हणजे एका वेळी दोन साइटवर, चोवीस तास, दहा दिवस काम करू शकणारं, आणि स्वतःचं जेवण, पाणी, तंबू, संडास सगळं बरोबर घेऊन येणारं. मीडियम म्हणजे एक साइट, सात दिवस. नुसतं म्हणून चालत नाही, बाहेरच्या देशांचे परीक्षक येतात, छत्तीस तासांचं सलग ड्रिल घेतात, आणि दर पाच वर्षांनी परत तपासतात. आमच्या पथकाच्या एका ड्रिलला परीक्षकाने मध्यरात्री सगळं थांबवलं आणि शांतपणे विचारलं की तुमच्या जनरेटरचं पेट्रोल विमानातून आणता येत नाही, मग ते कुठून मिळणार? आमच्याकडे पानभर उत्तर लिहिलेलं होतं, पण ते पान ज्याच्याकडे होतं तो झोपला होता. त्या वेळी राग आला होता, पण खऱ्या कामाच्या वेळी पहिला प्रश्न तोच आला.

विमानतळावर काय होतं ते जरा जवळून सांगतो कारण लोकांना वाटतं पथक उतरलं की पळत ढिगाऱ्याकडे जातं. तसं नाही. जे पहिलं वर्गीकृत पथक उतरतं त्याने सगळ्यात आधी एक टेबल मांडायचं असतं, रिसेप्शन-डिपार्चर सेंटर म्हणतात त्याला, म्हणजे दोन माणसं, एक टेबल, एक लॅपटॉप, एक झेंडा. पुढच्या प्रत्येक पथकाने तिथे येऊन फॉर्म भरायचा: माणसं किती, कुत्रे किती, सामान किती टन, किती दिवसांचं स्वतःचं खाणं-पाणी, आणि मग मागण्यांचा रकाना, म्हणजे ट्रक किती हवेत, रोज किती लिटर पेट्रोल, किती डिझेल, कापायच्या गॅसची सिलिंडरं किती, टेकू द्यायला लाकूड किती, दुभाषे किती. सिलिंडर विमानात चढत नाही आणि लाकूड आणणं परवडत नाही, त्यामुळे जगातलं कितीही भारी पथक असलं तरी त्याला स्थानिक लाकडाची वखार आणि स्थानिक ट्रकवाला लागतोच लागतो. हे न समजणाऱ्या देशात पथकं विमानतळावरच बसून राहतात, आणि मग टीव्हीवाले विचारतात की इतक्या लांबून येऊन हे बसलेत कशाला.

माझी त्या टेबलावरची एक रात्र आठवते, देशाचं नाव सोडून देतो. चाळीसेक माणसं, चार कुत्रे आणि दहा-बारा टन सामान घेऊन एक व्यवस्थित पथक आलं, त्यांचा फॉर्म विमानातच भरलेला, प्रमुखाने माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, ट्रक कुठे? माझ्याकडे दोन ट्रक, लागणार पाच. त्याच्या मागे रांगेत सहा जणांचा एक ग्रुप, मोठा बॅनर, नवेकोरे टी-शर्ट, तंबू नाही, पाणी नाही, एकाने विचारलं जवळचं चांगलं हॉटेल कुठलं. भूकंपात जे हॉटेल उभं राहिलंय तिथे बेघर लोक झोपलेत दादा. मी त्यांना सांगितलं की साइट मिळणार नाही, इथे माल उतरवायला हात कमी पडतायत, करणार का? त्यातले दोघं राहिले आणि सकाळपर्यंत खोके उचलत होते, त्यांचं मला आजही कौतुक आहे. बाकीचे चौघं चिडून बाहेर गेले, आणि दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यासमोरचा त्यांचा फोटो कोणीतरी मला दाखवला. नाही म्हणणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि ते यजमान देशालाच यावं लागतं, कारण तो नाही म्हणाला नाही तर आम्ही कोण नाही म्हणणार.

ढिगाऱ्यावर गेल्यावरची भाषासुद्धा आधीच ठरलेली असते. इमारतीच्या दर्शनी भागावर स्प्रेने मोठी चौकट, आत पथकाचं नाव, तपासणी कुठल्या पातळीपर्यंत केली, तारीख, वर धोका काय तो, गॅस वगैरे. आत कोणी आहे असं वाटलं तर इंग्रजी व्ही, त्याखाली एल म्हणजे जिवंत किती, डी म्हणजे मृत किती, माणूस काढला की आकडा खोडून नवा. काम पूर्ण संपलं की चौकटीतून आडवी रेघ. ही रेघ नसेल तर दुसरं पथक येऊन तीच इमारत पुन्हा तपासतं आणि पलीकडची इमारत तशीच राहते, म्हणजे एका रेघेवर माणसं जगतात मरतात. शिट्ट्यांचंही तसंच: एक लांब म्हणजे सगळे गप्प, काम बंद. तीन छोट्या म्हणजे पळा, बाहेर निघा. एक लांब एक छोटी म्हणजे परत कामाला लागा. कोरियन असो, जर्मन असो, अर्थ एकच.

पण बघा हं, या भाषेलाही मर्यादा आहे. एकदा आम्ही एक लांब शिट्टी दिली, सगळे थिजले, ऐकायच्या यंत्रावर माझा सहकारी डोळे मिटून बसलेला, आणि शेजारच्या गल्लीत कोणाचा तरी जनरेटर धडधडतोय. त्याला कोण सांगणार शिट्टीचा अर्थ? दहा-बारा वर्षांचा एक पोरगा आमच्याकडे बघत उभा होता, त्याला न सांगताच कळलं, तो धावत गेला आणि जनरेटर बंद करून आला. मग ठक ठक ऐकू आलं. दीड तास खणलं. तो आवाज फुटलेल्या पाइपातून पत्र्यावर पडणाऱ्या पाण्याचा निघाला. असंच असतं बहुतेक वेळा. पण तेव्हापासून मी साइटवर गेलो की आधी गल्लीतल्या पोरांना शिट्ट्या शिकवतो, मॅन्युअल गेलं खड्ड्यात.

आता "आमच्यापर्यंत पोचलंच नाही" या तक्रारीकडे येतो. याचं मोठं कारण राजकीय आहे. डिसेंबर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ४६/१८२ नावाचा ठराव केला, आजची आंतरराष्ट्रीय मदतीची व्यवस्था बरीचशी त्यावर उभी आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की मदत बाधित देशाच्या संमतीने द्यायची, पुढाकार त्या देशाचा, समन्वय त्या देशाचा. ऐकायला रुक्ष वाटतं पण याचा अर्थ दार आतून उघडतं. मे २००८ मध्ये म्यानमारला नर्गिस चक्रीवादळ आलं, मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. किनाऱ्याबाहेर परदेशी जहाजं मदत घेऊन उभी आणि लष्करी सरकार व्हिसा देईना, तीन आठवडे गेले. शेवटी मार्ग निघाला तो शेजाऱ्यांमार्फत, आसियानने, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने, मध्ये पडून सरकार, आसियान आणि संयुक्त राष्ट्रं अशा तिघांचा एक गट केला, आणि त्या गटाच्या आडोशाने मदत आत गेली. तेव्हापासून मी सांगत आलोय की शेजाऱ्यांबरोबरचा प्रादेशिक करार जागतिक परिषदेपेक्षा दसपट कामाचा असतो, कारण संकटात माणूस ओळखीच्यालाच दार उघडतो. आसियानचं आपत्ती केंद्र २०११ पासून जाकार्तात चालतंय, आणि युरोपात २००१ पासून सामायिक व्यवस्था आहे, तिथे एका ठिकाणी फोन केला की बाकी देशांकडे काय शिल्लक आहे ते कळतं.

आणि हे फक्त गरीब किंवा लष्करी देशांचं दुखणं आहे असं समजू नका. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर ब्रिटनने अमेरिकेला सैनिकी जेवणाची लाखो पाकिटं पाठवली. त्यात ब्रिटिश गोमांस होतं आणि गुरांच्या मॅड काऊ रोगाच्या भीतीने त्याच्या आयातीवर अमेरिकेत बंदी होती, त्यामुळे पाकिटं आर्कान्साच्या एका गोदामात जाऊन पडली. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, पण मदत द्यायची सवय, घ्यायची सवयच नाही. मदत घेणं हे शिकायचं काम आहे: कस्टम्सचा कायदा, डॉक्टरच्या परदेशी डिग्रीला तात्पुरती मान्यता, कुत्र्यांचं क्वारंटाइन, सॅटेलाइट फोनची परवानगी. सॅटेलाइट फोनवरून किती पथकं अडकायची म्हणून १९९८ मध्ये फिनलंडच्या ताम्पेरे शहरात खास करार झाला की आपत्तीत संपर्काची उपकरणं अडवायची नाहीत. तो लागू व्हायला जानेवारी २००५ उजाडलं, म्हणजे त्सुनामी येऊन गेल्यावर दोन आठवड्यांनी. आणि बाकी सगळ्यासाठी रेडक्रॉसच्या महासंघाने २००७ मध्ये नमुना नियम दिलेत, ज्या देशांनी ते आपल्या कायद्यात घेतले त्यांच्या विमानतळावर लगेच फरक जाणवतो, मी पाहिलंय.

मदतीने नुकसानही होतं हेही सांगितलं पाहिजे. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर त्याच वर्षी कॉलरा पसरला, तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत गेला होता, जवळपास दहा हजार माणसं दगावली, आणि आपला यात वाटा होता हे मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडलं. त्याच हैतीत कोणीही सर्जन येऊन ऑपरेशनं करून निघून गेले, मागे टाके कोण काढणार याचा पत्ता नाही. वैद्यकीय पथकांचेही टाइप एक, दोन, तीन असे दर्जे मग ठरले, शोध-बचाव पथकांसारखेच. चूक झाली की फॉर्म वाढतो, आमच्या धंद्यात हे असंच आहे.

कारखाने, रसायनं, अणुभट्ट्या यांची गोष्ट वेगळी. भूकंप लपवता येत नाही, गळती लपवता येते. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची भट्टी फुटली आणि बाहेरच्या जगाला पहिला सुगावा २८ तारखेला लागला तो स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात, सुमारे अकराशे किलोमीटरवर, एका कर्मचाऱ्याच्या बुटांनी रेडिएशनचा अलार्म वाजवला. त्यांना आधी वाटलं आपलीच भट्टी गळतेय. बाहेरून विचारणा सुरू झाली तेव्हा कुठे त्या संध्याकाळी सोव्हिएत सरकारने चार ओळी जाहीर केल्या. त्यानंतर जे झालं ते मात्र थक्क करणारं आहे, पाच महिन्यांत, म्हणजे २६ सप्टेंबर १९८६ ला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत दोन करार मंजूर झाले, एक अपघात झाल्यावर लगेच कळवण्याचा आणि दुसरा मदतीचा. एरवी असे करार दहा-दहा वर्षं घोळतात. शीतयुद्ध चालू असताना दोन्ही गट एका टेबलावर बसले कारण ढगाला व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना एकदमच दिसलं.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवली, पण विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि लाल रंग घेऊन थेट ऱ्हाइन नदीत गेलं, कारण ते अडवायला हौदच नव्हता. नदी लाल झाली, खालच्या अंगाला सुमारे दीड लाख ईल मासे मेले, आणि जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सची ओरड ही की आम्हाला वेळेत सांगितलं नाही. आता याच्या शेजारी २००० सालचं बाया मारे ठेवा. रोमानियात ३० जानेवारीला सोन्याच्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला, सायनाइडचं एक लाख घनमीटर पाणी नद्यांतून हंगेरीत तिसा नदीत आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेलं. एकट्या हंगेरीत हजार टनांहून जास्त मासे गेले, नदीची वाट लागली. पण माणसं वाचली, कारण डॅन्यूबच्या देशांनी दोन-तीन वर्षं आधीच अपघात कळवायची यंत्रणा चालू केली होती, निरोप विषाच्या आधी पोचला आणि नदीतून पाणी उचलणं वेळेत बंद केलं गेलं. विष थांबवता आलं नाही, निरोप त्याच्या पुढे पळाला एवढंच. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतलं सहकार्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हे आहे, आणि बघा, त्याचा एकही फोटो तुम्हाला आठवत नसेल.

आणि नैसर्गिक आणि तांत्रिक असे दोन कप्पे कागदावरच असतात. १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कीत इझ्मितजवळ भूकंप झाला तेव्हा तिथली तेल रिफायनरी पेटली आणि काही दिवस जळत राहिली, देशातली यंत्रणा भूकंपात गुंतलेली, त्यामुळे आग विझवायलाही बाहेरची मदत लागली, आणि आगीच्या भीतीने आसपासचा भाग रिकामा करावा लागला तेव्हा ढिगाऱ्यात अडकलेल्यांना शोधण्याचं काम मागे पडलं. पथक पाठवताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो की दहा किलोमीटरच्या आत काय साठवलंय. (जाता जाता, याच भूकंपात ग्रीसने तुर्कीला मदत पाठवली आणि तीन आठवड्यांनी अथेन्स हादरलं तेव्हा तुर्कीचं पथक तिकडे गेलं. वर्षानुवर्षांचे हाडवैरी. राजदूतांना जे जमलं नाही ते ढिगाऱ्यांनी केलं, निदान काही काळ.)

पूर्वसूचनेचं थोडक्यात सांगतो, खरं तर तो वेगळाच विषय आहे. १९६० च्या चिलीच्या भूकंपाची लाट पंधरा तासांनी हवाईत आणि बावीसेक तासांनी जपानमध्ये माणसं मारून गेली, त्यानंतर पॅसिफिकच्या देशांनी १९६५ पासून एकत्र इशारा यंत्रणा उभी केली. हिंदी महासागरात तसं काही नव्हतं. २६ डिसेंबर २००४ ला हवाईतल्या केंद्राला काही मिनिटांतच भूकंप कळला होता, पण हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर कोणाला उठवायचं याची यादीच नव्हती. लाट श्रीलंकेला पोचायला दोन तास आणि सोमालियाला सात तास लागले. सात तास! सुमारे २ लाख २७ हजार माणसं गेली. आज भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तिघं सगळ्या हिंदी महासागराला अंदाज पुरवतात, भारताचं केंद्र हैदराबादला आहे, आणि किनाऱ्यावर भोंगा वाजवायचा की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. पण यंत्रणा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, २०१८ मध्ये इंडोनेशियात पालूला लाट काही मिनिटांतच आली, तिथे जमीन हलली की उंचावर पळा याशिवाय दुसरा इशारा नाही. उपग्रहांचंही असंच न दिसणारं काम चालतं, २००० पासून अवकाश संस्थांचा एक करार आहे, इस्रोसुद्धा त्यात आहे, आपत्ती आली की सगळे आपापले उपग्रह तिकडे वळवतात आणि चित्रं फुकट देतात. आपत्तींचा धोका कमी करण्यासाठी देशांनी मान्य केलेला २०१५ ते २०३० चा सेंदाई आराखडा, २०२७ पर्यंत सर्वांना पूर्वसूचना ही घोषणा, या गोष्टी चांगल्याच आहेत, पण मी घोषणांवर फार विसंबत नाही, मला फोन नंबर दाखवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की सामान्य माणसाने काय करायचं. वस्तू पाठवू नका, पैसे पाठवा, आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पाठवा, कारण पैशाला ट्रक लागत नाही आणि तो तिथल्याच दुकानदाराकडे खर्च होतो. स्वतः जायचं असेल तर आत्ता, शांततेच्या काळात, एखाद्या पथकात दाखल व्हा, भूकंप झाल्यावर नाही. आणि शेजाऱ्यांबरोबर प्रथमोपचार शिका, वरचा सोळाचा आकडा आठवा.

फोन नंबरावरून आठवलं म्हणून सांगतो. अणुऊर्जा संस्था देशांबरोबर जी ड्रिलं घेते त्यातलं सगळ्यात साधं ड्रिल म्हणजे रात्री-अपरात्री निरोप पाठवायचा आणि समोरून उत्तर येतं का ते बघायचं, बस. आम्हीही आमच्या शेजारच्या देशांबरोबर तसं करायचो. एकदा यादीतल्या नंबरावर पहाटे तीनला फोन लावला. झोपेतल्या आवाजात एक गृहस्थ म्हणाले, मी दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो, हा माझ्या घरचा नंबर आहे. मी सॉरी म्हणून ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, थांबा, तुम्हाला कोण हवंय ते मला माहीत आहे, लिहून घ्या, आणि तोंडपाठ असलेला नंबर सांगितला. तो नंबर लागला. पुढच्या आठवड्यात आम्ही यादी दुरुस्त केली, पण त्यांचा घरचा नंबर काढला नाही, खाली पेन्सिलने ठेवलाय.